शंका-समाधान : बॉक्स हेडर उलटा का बसतो?

प्रश्न : आमच्या कंट्रोल बोर्डावर १० पिनांचा एफआरसी बॉक्स हेडर (चपट्या रिबन केबलसाठीचा, प्लास्टिकच्या कवचाचा कनेक्टर) आहे. पहिला पॅड (पिन सोल्डर करायची तांब्याची जागा) चौकोनी ठेवलाय, त्याच्या लगेच शेजारी '१' छापलाय. तरी काही बोर्डांवर हेडर उलटा सोल्डर होतो. चूक कोणाची?

उत्तर : सोल्डर करणाऱ्याची थोडी, फूटप्रिंटची (बोर्डावरच्या पॅड आणि खुणांच्या आराखड्याची) जास्त. चौकोनी पॅड फक्त पिन १ ची जागा सांगतो. हेडर १८० अंशांत फिरवला तरी दहाही पिना भोकांत निमूट बसतात. दिशा ठरते ती प्लास्टिकच्या कवचातल्या खाचेवरून, आणि खाचेची खूण तुम्ही दिलेलीच नाही. तुमचा '१'सुद्धा हेडर ठेवताच झाकला जातो : पिनांचा पसारा १०.१६ बाय २.५४ मिमी, पण कवच साधारण २० बाय ९ मिमी.

म्हणून सिल्कस्क्रीनवर (बोर्डावरच्या शाईच्या छपाईत) कवचाची पूर्ण बाह्यरेषा काढा, खाचेच्या जागी सुमारे ४.५ मिमी मोकळे सोडा. खाच विषम पिनांच्या बाजूला, पिन ५ समोर येते. पिन १ जवळ, रेषेच्या बाहेर, १ मिमीचा भरीव त्रिकोण द्या. हेडरवरच्या त्रिकोणाशी तो ताडून पाहता येतो. रेषेची जाडी किमान ०.१५ मिमी ठेवा, पॅडवर शाई येऊ देऊ नका. डेटाशीटमधले (उत्पादकाच्या माहितीपत्रकातले) चित्र वरून पाहिलेले आहे की सोल्डरच्या बाजूने, हे आधी बघा. बऱ्याच चुका तिथेच होतात, कारण आरशातल्यासारखी सम-विषम ओळींची अदलाबदल होते.

उलट्या हेडरमध्ये केबलची पिन १ बोर्डाच्या १० वर जाते, २ ची ९ वर. पिन २ वर ५ व्होल्ट असतील तर ते थेट ९ वरच्या सिग्नलला मिळतात. अशा बोर्डांवरचा हेडर काढायची घाई नको. कवच दोन्ही टोकांनी थोडे थोडे उचकटून पिनांवरून वर काढा आणि फिरवून परत दाबा. पिना वाकल्या तर मात्र नवा हेडर लावा.

प्रश्न : ३ पिनांच्या रेलिमेटला (एका ओळीतल्या पिनांच्या, लॉक असलेल्या कनेक्टरला) काय खूण करावी?

उत्तर : लॉकची भिंत ज्या बाजूला, तिथली रेषा जाड करा आणि प्रत्येक पिनेचे नाव बाहेर छापा. जमल्यास सप्लाय मधल्या पिनेवर घ्या. मग कनेक्टर उलटा लागला तरी फक्त ग्राउंड आणि सिग्नल बदलतात, सप्लाय-ग्राउंड उलटे होत नाहीत.