पहिला मध काढण्याआधी

भाऊ, मधमाश्यांची पेटी घेतली, झकास केलं. आता घाई तेवढी करू नको.

सुरुवातीला एकच गोष्ट सांभाळ: पाणी. मधात साधारण 80 टक्के साखर असते (फळसाखर जास्त, द्राक्षसाखर थोडी कमी) आणि 17-18 टक्के पाणी. फुलातला रस याहून कितीतरी पातळ. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात, मगच पोळ्यातली घरं मेणानं बंद करतात. पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीतली चारातली तीन घरं बंद दिसेपर्यंत थांब, नाहीतर मध आंबतो. माझी पहिली बरणी अशीच फसफसली, झाकणच उडालं! मध हवेतला ओलावाही ओढतो, म्हणून पावसाळ्यात तर हातच लावू नको.

बाकी नवखे इथं चुकतात:
- थंडीत मध गोठला की 'भेसळ' म्हणतात. सूर्यफुलाचा मध द्राक्षसाखरेमुळे लवकरच गोठतो. बरणी कोमट पाण्यात ठेव, चुलीवर नाही.
- रंग पाहून घाबरतात. जांभळाचा मध गडद अन् कडवट असतोच.
- पाण्यात थेंब टाकून शुद्धता बघतात. त्यानं काही कळत नाही.

परागकण, आम्लता वगैरे पुढच्या हंगामात बघू. आधी सांग, तुझ्या शिवाराभोवती तूर किती, जांभळं किती?