वॉरंटी संपल्यावर इंजिन बंद पडले तर?

प्रश्न : माझ्या डिझेल मोटारीचे इंजिन चौथ्या वर्षी, ५८,००० किलोमीटरलाच जॅम झाले. वॉरंटी ३ वर्षांची होती. सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच केले आहे. कंपनी 'सद्भावना' म्हणून सुट्या भागांचा निम्मा खर्च देऊ करते. तो स्वीकारावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाईने स्वीकारू नका, आणि 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे शब्द असलेल्या कागदावर तर मुळीच सही करू नका. वॉरंटी संपली म्हणून निर्मितीदोषाची जबाबदारी आपोआप संपत नाही. मात्र बिघाड देखभालीतील हयगयीमुळे नव्हे, तर मूळ दोषामुळे झाला हे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते, आणि तक्रारी लंगड्या पडतात त्या इथेच. म्हणून इंजिन खोलताना हजर राहा, बेअरिंग व क्रँकशाफ्टची छायाचित्रे घ्या, जुने भाग भंगारात जाऊ देऊ नका. जॉबकार्डे (सर्व्हिसिंगमध्ये केलेल्या कामांची नोंदपत्रे) आणि ऑइल बदलल्याची बिले जपा. नंतर कंपनी व विक्रेता दोघांनाही लेखी नोटीस द्या. दाद न मिळाल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि भागांची प्रयोगशाळेत तपासणी मागता येते. नव्या मोटारीचा हट्ट मात्र धरू नका. दुरुस्तीचा पूर्ण खर्च व झालेल्या गैरसोयीची भरपाई मागा.