पद्मिनीचे काटे दिवे लावले की वर चढतात, पूर्ण वायरिंग बदलू का?

तुमच्या प्रश्नातलं महत्त्वाचं आधी मांडतो. वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, दिवाळीआधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. तेव्हापासून पार्किंग लाइट लावला की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे वर चढतात, इंडिकेटर दिला की त्याच तालावर उड्या मारतात. नाशिक रोडच्या वायरमनने पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा जुडगा, बदलायला सांगितलंय.

बदलू नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्या गाडीची अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, गेली आहे, आणि ती रंगाखाली गेली आहे, असं मला जवळपास खात्रीने वाटतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात ३० वर्षं इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स केलं, पण हे मी शिकलो ते कसारा घाटात. १९९६ चा ऑगस्ट होता, मुंबईहून परतत होतो. घाट चढताना अंधारून आलं म्हणून दिवे लावले, तर टेंपरेचरचा काटा थेट लाल पट्ट्याला टेकला. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुलं. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. ना वाफ, ना पाणी सांडलेलं, इंजिन घाटात जेवढं तापतं तेवढंच तापलेलं. दिवे बंद केले, काटा मधोमध आला. परत लावले, परत लाल. आई म्हणाली, "अरे, गाडी तापली की दिवा तापला?" प्रश्न अगदी बरोबर होता.

होतं असं, की डॅशबोर्डवरच्या या जातीच्या काट्याच्या मीटरच्या पोटात दोन कॉइल असतात. एक सेंडरच्या (टाकीत किंवा इंजिनावर बसून मीटरला माप कळवणारा भाग) वायरीला जोडलेली, दुसरी मीटरच्या बॉडीतून अर्थ होते, आणि दोन्हींच्या ओढाताणीत काटा उभा राहतो. डॅशबोर्डचे छोटे बल्बसुद्धा त्याच बॉडीतून अर्थ होतात. अर्थ चांगला असला तर कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. अर्थवर रंग किंवा गंज बसला की बल्बचा करंट परत जायला वाट शोधतो, मीटरच्या बॉडीवरच व्होल्टेज चढतं आणि दुसऱ्या कॉइलचा जोर कमी पडतो. काटा वर जातो. इंडिकेटरचा दिवा लागतो-विझतो, म्हणून काटाही त्याच तालावर वर-खाली होतो.

पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटांची एक परीक्षा करा. दोन-तीन मीटर वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या मागच्या पत्र्याला किंवा त्याच्या स्क्रूला घट्ट टेकवा. दिवे लावा, इंडिकेटर द्या. काटे शांत राहिले तर निकाल लागला. मल्टीमीटर असेल तर अजून चांगलं: २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या बॉडीला, आणि सगळे दिवे चालू. ०.१-०.२ व्होल्टच्या आत हवं. माझ्या गाडीत १.४ आले होते.

मग बॅटरीची मायनस काढून कामाला लागा. मीटरच्या अर्थ वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) जिथे गाडीच्या बॉडीला बसतो तो स्क्रू काढा, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, लगही घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हलका हात फिरवा. पेंटरने प्रत्येक अर्थ पॉइंटवरून गन फिरवलेली असते, त्यामुळे हेडलाइटचे आणि मागच्या दिव्यांचेही तपासा.

एक पट्टी मात्र विसरू नका: इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थ पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, ते बॉडीला आपोआप अर्थ होत नाही. माझ्या एका मित्राच्या गाडीचं हेड उतरवल्यावर मेकॅनिकने ती परत लावलीच नाही. स्टार्टर मारला की सगळा करंट चोकच्या केबलमधून परत जायचा, आणि एके सकाळी त्या केबलमधून धूर निघाला. टेंपरेचर सेंडरही इंजिनातूनच अर्थ होतो, तेव्हा त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

एवढं करूनही पेट्रोलचा काटा खोटं सांगत राहिला तर सेंडर पाहा. टाकी उघडायची ती मोकळ्या हवेत, बॅटरी काढून, जवळ शेगडी-सिगारेट काही नको. सेंडरचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा डबा, कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून बुडतो आहे. आतली रेझिस्टन्सची तार केसासारखी असते, ती सुती फडक्यानेच पुसा, पॉलिश पेपर तिथे नको.

चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, चार्जिंगचा लाल दिवा लागत नसेल तर त्याचा बल्बही लगेच बदला. जुना डायनॅमो असेल तर तो दिवा फक्त खबर देतो. अल्टरनेटर बसवलेला असेल तर बहुतेकदा त्याच बल्बातून जाणारा करंट अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब उडाला की बॅटरी उपाशी राहते आणि आपण नवीन बॅटरी घेऊन येतो.

वायरी मात्र हाताने चाचपा. नाशिकच्या एप्रिलने जुनं पीव्हीसी बिस्किटासारखं कडक होतं. वाकवल्यावर तडकलं तर तेवढीच फांदी बदला, आणि गाडीचीच मल्टीस्ट्रँड वायर घ्या, घरातली नको. काढण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. जळलेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद कधी गुंडाळू नका.

वडिलांची गाडी आहे, तिची मूळ वायरिंग जपण्यासारखी आहे. आधी ती वायर टेकवून बघा, आणि मल्टीमीटरवर किती व्होल्ट आले ते इथे लिहा. पुढचं मी सांगतो.