अंगावर वळ नाही, मग आदेश मिळेल का?

प्रश्न : वकीलताई, नवऱ्याच्या छळाला कंटाळून चार महिने मी देवगडला माहेरी आहे. तो मुंबईला असतो, पण पंधरवड्याला येतो आणि काजूच्या कारखान्यातून सुटले की एसटी स्टँडपर्यंत मागे मागे फिरतो. रात्री पंचवीस-तीस फोन, धमक्या. डॉक्टरचा दाखला माझ्याकडे नाही. अर्ज मुंबईलाच करायचा का?

उत्तर : मुंबई कशाला? माहेरी तात्पुरत्या राहत असलात तरी तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली संरक्षण आदेशासाठी (नवऱ्याला छळापासून रोखणारा आदेश) अर्ज चालतो. दाखल्यावाचून अडत नाही. शिवीगाळ, धमक्या, पैशांची कोंडी हीदेखील हिंसाच. ती झाली किंवा होण्याची शक्यता आहे, एवढं प्रथमदर्शनी न्यायालयाला पटलं पाहिजे. नुसतं ‘फार त्रास देतो’ लिहिलेले अर्ज मी लंगडे पडताना पाहिलेत. म्हणून वहीत तारीख, वेळ, कुठली गाडी चुकली, सोबत कोण होतं, सगळं लिहा. फोनची यादी पुसू नका. (माहेरची माणसं ‘जाऊ दे, पूस’ म्हणतात. ऐकू नका.)

घाई असेल तर कलम 23 खाली तुमच्या प्रतिज्ञापत्रावर, त्याचं ऐकण्याआधीही अंतरिम, म्हणजे तात्पुरता आदेश मिळू शकतो. नवऱ्याचं कारखान्यात येणं, फोन करणं त्या आदेशाने बंद करता येतं. मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पाठलागाची फिर्याद वेगळी, भारतीय न्याय संहितेचं कलम 78. पोलीस ठाण्यात ‘नवराच ना तो?’ म्हणतील. त्या कलमात नवऱ्याला सूट नाही. कलम 12 चा अर्ज लिहायला त्याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात.