आधी लहान काढ, मग बोलू

तुझी फाइल उघडली. साळिंदर गोड आहे, त्यात वाद नाही. कम्युनिटीतल्या प्रत्येकासाठी त्याचा वेगळा अवतार, म्हणजे नावाशेजारी लावायचं छोटं चित्र, हवाय म्हणून तू कुणाला हेडफोन दिलेस, कुणाला कप, कुणाच्या लॅपटॉपवर बारीक बारीक स्टिकर चिकटवलेस, आणि आता विचारतोयस की "सगळे सारखेच दिसतायत, शेडिंग वाढवू का?" अरे, शेडिंग वाढवून काय होणार! मी तुझी सगळी चित्रं ३२ पिक्सेलला आणून शेजारी शेजारी लावली. नुसते तपकिरी ठिपके. कप कुठला नि पंजा कुठला काही कळेना.

तू भले २०४८ च्या कॅनव्हासवर काढ, लोक बघणार ते नावाशेजारच्या त्या एवढ्याशा जागेत, चॅटमध्ये, कमिटच्या (कोडमधल्या बदलांच्या) यादीत, तिथे कधी ३२ पिक्सेल मिळतात तर कधी २०. म्हणून आधी लहान काढ. मोठं काढून मग लहान करणं म्हणजे लहान काढणं नव्हे, तू तेच करतोयस आणि म्हणूनच अडकलायस.

तुझ्या साळिंदराला चाळीसेक काटे आहेत. लहान आकारात त्यांची लोकर होते. सहा-सात जाड काटे ठेव, बास. आणि माणसामाणसातला फरक हातातल्या वस्तूंत शोधू नकोस, त्या काट्यांतच शोध. एकीचे काटे मागे चापून बसवलेले, एकाचा मधोमध भांग, एकाचा पुढचा काटा वाकलेला. मग सगळी आकृती काळ्या रंगाने भरून टाक, डोळे-नाक काहीच नको, तरी कोण कोण ते ओळखू येतंय का बघ. येत नसेल तर रंगाला हात लावू नकोस.

कोड ठेवायच्या गिटहब साइटने २०१३ साली फोटो न लावणाऱ्यांसाठी आयडेंटिकॉन, म्हणजे आपोआप बनणारी चित्रं, आणले. ५ बाय ५ चे ठोकळे आणि एकच रंग, तेही डावी-उजवी बाजू सारखी. मशीन एवढ्यावर माणसं वेगळी दाखवतं आणि तुला स्टिकर लागतात? लॅरी युइंगने १९९६ मध्ये गिंप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला टक्स, लिनक्सचा तो पेंग्विन, बघ, काळं अंग, पांढरं पोट, पिवळी चोच, पिवळे पाय. कितीही बारीक कर, पेंग्विन तो पेंग्विनच राहतो.

बरं, गोल क्रॉपचं लक्षात ठेव. चौकोनातून वर्तुळ कापलं की साधारण २१ टक्के भाग जातो, आणि जातो तो कोपऱ्यांचा, म्हणजे नेमके तुझे काटे. डार्क मोडवर गडद काटे गायब होतात ते वेगळंच, मागे एक सपाट रंग टाक म्हणजे मिटलं.

मला अडमुठी म्हणतात, माहितीये. एका प्रोजेक्टवाल्यांनी माझे अवतार बघून सरळ विचारलं होतं, "एवढं साधं? मग पैसे कशाचे?" त्यांना केसन् केस दिसायला हवा होता. मी नाही म्हटलं, काम गेलं. वाईट एवढंच वाटतं की तिथली पोरं फार गुणी होती, त्यांचे अवतार काढायला मजा आली असती. पण आजही कुणी केस मागितले तर मी नाहीच म्हणणार, कारण पाच रेघांत माणूस उभा करायला जो वेळ जातो तो कुणाला दिसत नाही, आणि तो दिसत नाही म्हणून मी उगाच केस काढत बसायचं का? आळशीपणा नाहीये तो. असो, हे तुला का ऐकवतेय मी.

तुझा हात चांगला आहे रे, म्हणूनच चिडचिड होते माझी. आधी लहान काढ.

पुढच्या वेळी मोठं चित्र पाठवूच नकोस. एका पानावर सगळी साळिंदरं ३२ पिक्सेलला, एक ओळ पांढऱ्यावर, एक काळ्यावर. आणि मूळ साळिंदर कुणी काढलंय, त्यात बदल करायची परवानगी आहे का, ते आधी लेखी विचारून घे. 'गो' या प्रोग्रामिंग भाषेचा मॅस्कॉट असलेला गोफर लोक बिनधास्त हवा तसा रंगवतात कारण रेने फ्रेंचचं ते चित्र क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, आणि तिथेही मूळ चित्रकर्तीचं नाव द्यावंच लागतं. तुझ्या साळिंदराचं काय आहे ते मला कळव.