ईस्टरच्या वॉलपेपरवर मोगरा चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी वसईची, आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) युवा ग्रुपसाठी दरवर्षी ईस्टरचे मोबाईल वॉलपेपर बनवते. आतापर्यंत नेटवर बघून बघून लिली, ट्युलिप, गुलाबी चेरीची झाडं असंच टाकत आले. यावेळी आजीने मोबाईल हातात घेऊन विचारलं, ही कुठली गं फुलं, आपल्याकडे तर नसतात. मग मी रिकाम्या कबरेशेजारी मोगरा काढला तर ग्रुपवर दोघातिघांनी लिहिलं की हे ईस्टरचं वाटत नाही. काय करू?

उत्तर : मोगराच ठेव, आणि आजीला माझा नमस्कार सांग, त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. तू ज्या लिलीला ईस्टरची लिली म्हणून काढत होतीस ना ती मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची आणि तैवानची, यरुशलेमशी तिचा काही संबंध नाही, युरोप-अमेरिकेत ती सणाला मिळायला लागली म्हणून तिथल्या लोकांनी आपलीशी केली. त्यांनी त्यांच्या हाताशी होतं ते फूल घेतलं, तू तुझ्या हाताशी आहे ते घे. मार्च-एप्रिलात वसईत मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात हे तुला मी सांगायला नको, आणि येशू पुन्हा उठला त्या दिवशी बायका त्याच्या कबरेकडे गेल्या तीही पहाटच होती.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वसंत ऋतू आपण सजावट म्हणून चिकटवतो, पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात ती कबर बागेतच आहे, १९व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. पुढे २०व्या अध्यायात मग्दालिया मरिया रडत उभी असते, येशू समोर येतो आणि तिला वाटतं हा माळी आहे. माळी! डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३८ मध्ये हाच क्षण रंगवलाय, त्यात येशूच्या डोक्यावर मोठी माळ्याची टोपी आणि हातात फावडं आहे, मागे आकाश नुकतं उजाडतंय. आता तुमच्याकडे वाडीत मोगऱ्याला पाणी देणारा माणूस बघ आणि विचार कर, वॉलपेपरला याच्याहून जवळचं चित्र कुठून आणणार?

मोगऱ्याबरोबर अजून एक सुचवते, पांढरा चाफा. आमच्या चर्चच्या दफनभूमीत कुंपणाला लागून एक आहे, फेब्रुवारीत बघितलं तर नुसती राखाडी, गाठीगाठींची बोटं वर केलेली, पान म्हणून नाही, वाटतं गेलं झाड. पण फांदी जरा खरचटली की पांढरा चीक टपकतो, म्हणजे आत सगळं चालूच असतं. आणि मग पानं यायच्या आधीच त्या बोडक्या टोकांवर फुलं येतात. चाफाही मूळचा मेक्सिकोकडचा, हे मला माहितीये, पण पिढ्यान् पिढ्या आपल्या माणसांच्या कबरांवर तोच फुलं ढाळतोय, म्हणून तो मला आपलाच वाटतो. मागच्या वर्षी मी त्याचंच चित्र केलं. कलर पिकरने पाकळीच्या मुळाशी असतो तो पिवळा उचलला आणि कबरेच्या तोंडातून येणाऱ्या उजेडाला तोच वापरला, दुसरा पिवळा शोधावाच लागला नाही. ग्रुपवर ज्यांना पटत नाहीये त्यांना वाद घालून पटवत बसू नकोस, पुढचं चित्र पाठव.

प्रश्न : मी नगरचा, फोनवरच चित्र करतो. येशूचा चेहरा नेमका घड्याळाच्या आकड्यांखाली जातो, पहाटेच्या आकाशात पट्टे दिसतात, आणि व्हॉट्सअॅपवर गेलं की सगळं धुरकट. शिवाय वचनातली जोडाक्षरं तुटतात.

उत्तर : कॅनव्हास १०८० बाय २४०० पिक्सेलचा घे आणि वरचा एक तृतीयांश भाग नुसतं आकाश ठेव, तिथे घड्याळ बसू दे. अगदी खालीही काही महत्त्वाचं नको, तिथे टॉर्च-कॅमेऱ्याची बटणं येतात. आकाशात पट्टे येतात कारण एका रंगातून दुसऱ्यात जायला तेवढ्या छटाच मिळत नाहीत, वरून थोडा बारीक नॉइज टाक, रवाळ झालं की पट्टे मोडतात. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग फाइल आहे तशी पोचते. जोडाक्षरं बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमुळे तुटत असतील, मुक्त (Mukta) किंवा बलू (Baloo) हे फॉन्ट घेऊन बघ, दोन्ही फुकट आहेत. आणि वचन छोटं घे रे, लॉकस्क्रीनवर कोणी अख्खा परिच्छेद वाचत नाही, मत्तय २८:६ मधलं ‘तो येथे नाही’ एवढंच लिहिलंस आणि खाली रिकामी कबर असली की बाकी बघणाऱ्याला कळतं.

प्रश्न : जुनी प्रसिद्ध चित्रं घेऊन वॉलपेपर केले तर चालतात का? आंजेलो दा फोन्सेका यांची चित्रं फार आवडतात.

उत्तर : मलाही, खूप. गोव्यात १९०२ ला जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलेला हा चित्रकार, त्याने चित्रात येशूच्या आईला, मरियेला साडी नेसवली त्यावरून त्याला गोव्यात किती बोलणी खावी लागली, वरच्या वसईच्या मुलीने हे जरूर वाचावं. पण तो १९६७ मध्ये गेला आणि आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे २०२७ संपेपर्यंत परवानगीशिवाय नको. त्याच्यापासून शिका, कॉपी करू नका. युरोपातली जुनी चित्रं हवी असतील तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे फोटो वापरायला खुले केलेत, तिथून घ्या, कुठूनही स्क्रीनशॉट नको.

प्रश्न : ईस्टरचा वॉलपेपर सोमवारी काढून टाकायचा का?

उत्तर : अजिबात नाही. चाळीस दिवस उपवासकाळ पाळतो आणि सण एका दिवसात गुंडाळतो, असं कशाला? पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो, पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे २४ मेपर्यंत पांढरा-सोनेरी ठेवा. पेन्टेकॉस्टचा रंग लाल, आणि तोवर रस्त्यावरचा गुलमोहर पेटलेला असतो, त्याचा फोटो आत्ताच ठरवून ठेवा.