तान्ह्या पोळ्याचं उभं राहणारं कार्ड

प्रश्न : ताई, लेकीला तान्ह्या पोळ्यासाठी आजोबांना उघडलं की बैल उभा राहील असं कार्ड बनवून द्यायचंय, पण जाड कार्डशीट दुमडली की घडीवर चिरते अन् बैल बंद कार्डातून बाहेर डोकावतो. काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : अगं, चिरतं ते कागदाच्या धाग्यामुळे, म्हणजे आतले तंतू एकाच दिशेनं असतात ना, त्यांच्या आडवी घडी पडली की. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघ, जिकडे सहज वाकते त्याच दिशेनं घडी घाल, अन् आधी स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घे. २०० ते २५० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, पाकिटावर लिहिलेलं असतं) बास, त्याहून जाड लेकीच्या हाताला जड जाईल.

आता बैल. ए४ शीट आडवी मधोमध दुमडली की घडीपासून कडेपर्यंत साधारण १४.८ सेंमी मिळतात. घडीवर २ सेंमी अंतरानं दोन समांतर काप दे, प्रत्येकी ३ सेंमी, अन् मधली पट्टी आत ढकल, झाला ठोकळा, त्याच्या समोरच्या अंगाला बैल चिकटव. पण कार्ड मिटताना बैल पुढे झोपतो ना, म्हणून ठोकळ्याचे ३ अन् बैलाची उंची मिळून १४.८ च्या आतच पाहिजे, म्हणजे बैल शिंगांसकट ११ चा, फार तर साडेअकरा. शिंगंच नडतात नेहमी!

काप झाकायला बाहेरून दुसरी शीट लावताना ठोकळ्यामागे गोंद नको, नाहीतर बैल उठणारच नाही. पातळ गोंदानं कागद फुगतो, त्यात आपल्याकडे तेव्हा पावसाळी दमट हवा, ग्लू स्टिकच बरी. झूल मात्र लेकीलाच रंगवू दे, वाकडीतिकडी झाली तरी.